श्रावणातलं कोलेस्टेरॉल

आमच्या दाजींचं नाव कडूबा. माझी थोरली बहीण मंजुषा त्यांना दिलेली. माऊली नावाच्या पहिल्या पोरानंतर त्यांच्या आईची दोन लेकरं हाती लागली नाहीत. म्हणून ह्याला नजर लागू नये, मरणानंसुद्धा तोंड वाकडं करून पुढं निघून जावं, असा विचार करून घरच्यांनी हे नाव ठेवलं. तोडगा लागू पडला. इतका लागू पडला की आपल्याला काही होतच नसतं अशी दाजींची लहानपणापासून खात्री झाली, आणि ती त्यांनी पन्नाशी उलटेपर्यंत नीट सांभाळली.

मी शिवराज, त्यांचा मेव्हणा. उस्मानपुऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. मेव्हण्यानं दाजींबद्दल वाईट बोलू नये अशी रीत आहे आणि ती मी पाळतो. खाली जे काही येईल ते कौतुक समजून वाचावं.

वाळूजला मोटारसायकलचे सुटे भाग जोडणारी एक कंपनी आहे. नाव सांगत नाही, उगाच वकिलाची नोटीस यायची. तिथं दाजी बाहेरून आलेला माल तपासतात. छोटे कारखानदार पिना, बुश, वॉशर क्रेटात भरून आणून टाकतात, आणि तो लॉट पास करायचा की परत पाठवायचा हे दाजी ठरवतात. बाकीचे तपासणारे वरचे चार पीस उचलून माप घेतात आणि शिक्का मारून चहाला जातात. दाजी तसले नव्हेत. ते बाही वर सारून कोपरापर्यंत हात क्रेटात घालायचे आणि तळाला गेलेला पीस ओढून काढायचे. 'वरचा पीस कुणीबी साजरा ठेवतं, बुडातला दाखव,' हे त्यांचं वाक्य सगळ्या वाळूजला पाठ होतं. कितीतरी सप्लायरांचे गंजके, वाकडे पीस त्यांनी बुडातून काढून त्यांच्याच तोंडापुढं धरले. दाजींची शिफ्ट आहे म्हटलं की टेम्पोवाला गेटाबाहेरच थांबून राहायचा.

हीच सवय बाजारात. पीर बाजारात दाजी टमाटे घ्यायला गेले की भाजीवाली पाटीवर आडवा हात ठेवायची. कारण हे बुडातला टमाटा काढणार, वरचा ढीग गडगडणार आणि शेवटी घेणार पावशेर. पुतण्याला मुलगी बघायला गेलो तर हे पाहुण्यांच्या घरात बसायच्या आधी गल्लीतल्या किराणा दुकानात जाऊन बसले. माणूस वरून साजरा दिसला की त्याच्या बुडाशी काहीतरी आहेच, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचं बूड सोडून जगातली सगळी बुडं त्यांनी तपासली.

जेवणाच्या बाबतीत मात्र दाजींना वरचंच लागायचं, म्हणजे रश्श्यावरचा तवंग. रविवारी येसराचा मसाला घालून केलेलं मटण, आणि त्यावर बोटभर तेल तरंगत नसलं तर ते ताईला विचारायचे की घरात कुणी आजारी आहे का. शुक्रवारी शिफ्ट सुटली की मित्रांसंगं जुन्या शहरात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा. थंडीत हुरडा, हुरड्यासंगं दही-चटणी, आणि हुरडा पचावा म्हणून संध्याकाळी पुन्हा मटण. व्यायाम म्हणाल तर कंपनीची बस पकडायला पळायचे, पण ड्रायव्हर भला माणूस होता, थांबायचा.

कोलेस्टेरॉल हा शब्द आमच्या घरात आला तो माऊलींच्या मरणानं. माऊली म्हणजे दाजींचे थोरले भाऊ, सोयगावला शेती बघायचे. अंगानं काटक, पोट नाही, तंबाखू नाही, दारू तर बिलकुल नाही. एके दिवशी बाजार करून आले, घरापुढच्या ओट्यावर बसले, छातीत गॅस धरलाय म्हणले, आणि उठलेच नाहीत. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. सगळं गाव गोळा झालं आणि सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की गॅसनं घात केला. आमच्याकडं माणूस हार्टनं मरत नाही. ते शहरातल्या लोकांचं दुखणं. आमच्याकडं सगळे गॅसनं मरतात, आणि दुसऱ्या दिवसापासून बाकीचे ओवा खायला लागतात.

ताई मात्र त्या दिवसापासून घाबरली ती घाबरलीच. रात्री मधूनच उठायची आणि झोपलेल्या दाजींच्या छातीवर हात ठेवून बघायची, श्वास चालू आहे का. दाजी जागे व्हायचे, चिडायचे. मग ती पांघरूण नीट करतेय असं दाखवायची. हे तिनं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडं बघितलं नाही. तेराव्याला पाहुणे उठल्यावर तिनं दाजींपुढं अट घातली की वर्षाला एकदा रक्त तपासायचं, आणि रिपोर्ट तिच्या हातात द्यायचा. दाजींनी कबूल केलं. भावाच्या फोटोपुढं बसून नाही कसं म्हणणार.

पहिला रिपोर्ट आला तो बघण्यासारखा होता. कंपनीत तेव्हा हिमानी मॅडम म्हणून तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी दाजींना आणि ताईला दोघांनाही समोर बसवलं आणि नीट समजावलं. कोलेस्टेरॉल हे काही विष नाही, शरीराला ते लागतं, आपलं लिव्हर स्वतःच तयार करतं. पण त्याची एक जात रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीत साचत जाते, आणि दुसरी जात साचलेलं उचलून परत लिव्हरकडं नेते. दाजींचं साचवणारं भरमसाट होतं आणि नेणारं कमी. हे दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं गुपचूप साचतं. मग एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद. माणूस जाड असो की काटक, त्याला फरक पडत नाही. भाऊ इतक्या लवकर गेला म्हणजे हे घराण्यातच असू शकतं. तेव्हा नुसतं तेल कमी करून भागणार नाही. गोळी घ्यायची, रोज घ्यायची, आणि आपल्या मनानं बंद करायची नाही.

ताईनं सगळं कान देऊन ऐकलं. दाजींनी त्यातलं एकच ऐकलं की दुखत नाही. आणि एकच प्रश्न विचारला. 'मॅडम, पास व्हायला किती पाहिजे?'

हा सप्लायरचा प्रश्न. माल सुधारायचा कसा हे न विचारता तुमची लिमिट किती तेवढी सांगा, असं म्हणणाऱ्या सप्लायरला दाजी आठवडाभर गेटावर उभं करायचे. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी आकडा हातावर पेनानं लिहून घेतला.

गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडा खाली. ताईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले. दाजींनी गोळी बंद केली. म्हणले, नॉर्मल आलं ना, मग गोळी कशाला? मशीन दुरुस्त झाल्यावर कुणी फिटरला जन्मभर जेवू घालतं का? आकडा गोळीनं खाली आलाय, गोळी काढली की तो पुन्हा वर जाणार, एवढं हिशेबात बसायला काही लई डोकं लागत नाही. पण ज्याला पास झाल्याचा आनंद झालाय त्याच्या डोक्यात असलं काही शिरत नसतं. ताईला त्यांनी सांगितलं की डॉक्टरच म्हणले आता गरज नाही. तिनं विश्वास ठेवला. हिमानी मॅडम त्याच साली दुसरीकडं गेल्या, आणि पुढच्या डॉक्टरला दाजी नॉर्मलच सापडले.

ते कसे सापडले, हे मला लई नंतर त्यांच्याच कंपनीतल्या विश्वजीतनं सांगितलं.

त्यासाठी कंपनीतलं ऑडिट म्हणजे काय ते ठाऊक पाहिजे. मोठ्या कंपनीचा साहेब कारखाना तपासायला येणार असला की महिनाभर आधीपासून लगीनघाई सुरू होते. जमिनीवर पिवळे पट्टे नव्यानं मारतात. सांडलेलं तेल पुसतात. भंगार कँटीनच्या मागं नेऊन त्यावर ताडपत्री टाकतात. ज्याला कधी हेल्मेट दिलं नाही त्याला हेल्मेट देतात. साहेब येतो, पनीर खातो, पाठ थोपटतो, विमान पकडतो. दुसऱ्या दिवशी ताडपत्री निघते, भंगार आपल्या जागी येतं आणि हेल्मेट कपाटात जातं. दाजी ह्या सोंगाला रोज शिव्या घालायचे. आणि शिव्या घालता घालता ते सोंग त्यांनी पुरतं शिकून घेतलं.

कंपनीचं तपासणी शिबिर आधी जानेवारीत असायचं. जानेवारी म्हणजे हुरडा, लग्नं, थंडीचं खाणं, दाजींचा माल अगदी खराब निघण्याचा महिना. दाजी कामगारांच्या कमिटीवर होते. त्यांनी साहेबांना पटवलं की जानेवारीत कामाचा लोड असतो, माणसं मशीन सोडून रक्त द्यायला जातात, प्रॉडक्शन बसतं. त्यापेक्षा पोळ्याच्या आधी घ्या, तेव्हा निवांत असतं. साहेबांनी कडूबांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं आणि शिबिर श्रावणाच्या शेवटी गेलं.

आता श्रावण म्हणजे आमच्याकडं कडक. महिनाभर मटण नाही, अंडं नाही, सोमवार-शनिवार उपास, घराघरात भाकरी आणि पालेभाजी. आखाड संपतो त्या दिव्याच्या आवसेला दाजी शेवटचं मटण हाणायचे, आणि दुसऱ्या दिवसापासून कंपनीतल्या लॉकरमधली गोळी सुरू. कंपनीत, घरी नाही. वर संध्याकाळी सिद्धार्थ उद्यानाकडं चालायला जायचे. ताईला वाटायचं, माणूस श्रावणात किती देवभोळा होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी रक्त द्यायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बोकड. गोळ्यांचं पाकीट पुन्हा लॉकरात, पुढच्या आखाडापर्यंत. म्हणजे वर्षाचे अकरा महिने ताडपत्रीखाली आणि एक महिना साहेबापुढं.

रिपोर्ट असा यायचा की डॉक्टरनं फ्रेम करून दवाखान्यात लावावा. एकदा आला, दुसऱ्यांदा आला, वर्षामागून वर्षं येतच राहिला. ताई तो हळदीकुंकू लावून देवघरात ठेवायची, मला फोनवर फोटो पाठवायची आणि वर्षभर निवांत झोपायची. खरंच झोपायची. तेवढ्यापुरतं दाजींना मी पुण्य देऊन टाकतो. बायकोला झोप लागावी म्हणून केलं असं ते नंतर म्हणले, आणि ते अगदीच खोटं नसावं. बायकोला झोप आणि आपल्याला तवंग, दोन्ही एका गोळीत भागत होतं.

परवाच्या साली तर कंपनीनं हाईट केली. सलग पाच वर्षं उत्तम तब्येत राखल्याबद्दल दाजींना 'आरोग्यवीर' असा किताब दिला. शाल दिली, नारळ दिला आणि घरच्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी द्यावं म्हणून पंधरा किलो गोडेतेलाचा डबा दिला. मी तिथं नव्हतो, पण फोटो आहे. दाजी शाल पांघरून डब्याला मिठी मारून उभे आहेत, आणि मागं भिंतीवर हृदयाचं चित्र आहे.

त्याच आठवड्यात ते माझ्या दुकानात नवा चष्मा घ्यायला आले. नाकावर फ्रेम बसवताना मला त्यांच्या पापण्यांवर, नाकाकडच्या बाजूला, पिवळसर चपटे उंचवटे दिसले. दोन्ही डोळ्यांना. माझ्याकडं बसणारे डोळ्यांचे डॉक्टर एकदा बोलले होते की असं दिसलं तर चरबी तपासून घ्यायला सांगत जा. मी तसं सांगितलं. दाजी लई हसले. खिशातून फोन काढून पाचही रिपोर्ट एकापाठोपाठ एक दाखवले आणि म्हणले, मेव्हणे, तुमच्या दुकानात चांगल्या माणसाला कमी दिसतं असं सांगून चष्मा विकता, आता धंदा वाढवला का. मी गप बसलो नाही, ताईला फोन केला. ताईनं मलाच झापलं. चांगलं चाललेलं तुला बघवत नाही म्हणली. मी काय बोलणार? माझ्याकडं दोन पिवळे डाग आणि तिच्याकडं कंपनीच्या शिक्क्याचे पाच कागद. डागांनी श्रावण पाळला असता तर तेही गेले असते.

मग त्याच वर्षाच्या माघात सोयगावची कंदुरी आली. माऊलींच्या शिवमला लग्नानंतर लई वर्षांनी पोरगा झाला, त्याचा नवस होता. बोकड कापायचं, गाव जेवू घालायचं. कंदुरी म्हटल्यावर आदल्या दिवसापासून चुली पेटल्या, आणि रस्सा सगळ्यात आधी चाखायचा मान काकांचा, म्हणजे दाजींचा. दाजींनी तिथंसुद्धा डाव आडवा घालून भगुण्याच्या बुडातलं काढायला लावलं, आणि वर तवंग वेगळा मागून घेतला. तीनदा वाढून घेतलं. मी समोरच होतो.

हात धुतल्यावर ते उठले आणि अंगणातून चालत ओट्यावर जाऊन बसले. तोच ओटा. एक हात छातीवर आणि जबड्याला काहीतरी चावल्यासारखं तोंड. कुणीतरी विचारलं काय झालं. दाजी म्हणले, 'काय नाय. गॅस धरलाय.'

माऊलींची बायको स्वयंपाकघराच्या दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. हातातली परात तिनं खाली ठेवली नाही, तशीच धरून राहिली. गावातल्या दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. त्या ओट्यावर तो शब्द आधी एकदा ऐकलेली सगळी माणसं तिथं होती. आणि त्या सगळ्यांना धीर कुणी दिला? माझ्या बहिणीनं. जी रात्री उठून छातीवर हात ठेवायची तिनंच पुढं होऊन सांगितलं की घाबरू नका, ह्यांचं तसलं काही नाही, पाच वर्षं सगळं नॉर्मल आहे, रिपोर्ट माझ्याकडं आहेत. सोडा आणा म्हणली. सोडा आला. दाजींनी पिला, ढेकर दिला, आणि लोक पुन्हा जेवायला बसले. पुतण्यानं काकांना आत आडवं केलं.

तासभर गेला. तासाहून जास्तच. मी आत गेलो तर दाजींचा सदरा घामानं भिजून अंगाला चिकटला होता आणि डावा हात दुखतोय म्हणत होते. तोंडाचा रंग उतरला होता. मी त्यांना सरळ उचलून गाडीत घातलं. ताई म्हणत होती, अरे पण रिपोर्ट. मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या बहिणीवर ओरडलो. सरकारी दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, गोळ्या चावायला दिल्या, आणि डॉक्टरनं क्षणभरही न थांबता अँब्युलन्स काढायला लावली. अजिंठ्याचा घाट, सिल्लोड, फुलंब्री. दाजी एकदा डोळे उघडून म्हणले की ड्रायव्हर हळू चालवतोय. ताई वाटेत त्यांचा हात धरून बसली होती.

शहरात पोचलो तोवर दिवस कलला होता. नळी घातली, वाट उघडली, जीव वाचला. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की तास-दीड तास आधी आला असता तर बरं झालं असतं. हृदयाचा एक भाग मेलाय, तो परत येत नाही, पंपिंग कमी राहणार. मग विचारलं, कोलेस्टेरॉलचं काही आधीचं? ताईनं पर्समधून पाच कागद काढले. सोयगावला नातू बघायला जातानासुद्धा तिनं ते संगं घेतले होते, जावांना दाखवायला. हळदीकुंकू लागलेले. डॉक्टरनं ते बघितले, मग आज काढलेल्या रक्ताचा कागद बघितला. तो आकडा तर माऊलींचं तेरावं झाल्यावर पहिल्यांदा आला होता त्याच्याही वर. डॉक्टर गोंधळले. मग त्यांनी तारखा बघितल्या आणि विचारलं की हे सगळे पोळ्याच्या आसपासचे कसे काय.

ताई मठ्ठ नव्हे हो. पंचवीस वर्षं त्या माणसाचा डबा केलाय, आणि डब्यासंगं कंपनीतल्या सगळ्या गोष्टी ऐकल्यात. ऑडिटच्या, ताडपत्रीच्या, वरच्या पीसच्या. तिच्या तोंडाकडं बघून मला कळलं की सगळं तिला आत्ता, ह्या क्षणी, एकदम कळलंय. तिनं पाचही कागद घडी घालून पर्समध्ये परत ठेवले. फाडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आत सोडलं. दाजींना छातीला तारा लावलेल्या, तरी तोंड चालूच. म्हणले, बघ मंजे, मी म्हणलं होतं ना मला काही होत नसतं. मी बाहेर जायला निघालो. ताईनं मला थांबवलं नाही, पण दार लागायच्या आत ती बोलली ते मला ऐकू आलं. आवाज चढवला नाही तिनं. तिच्या जागी मी असतो तर दवाखाना डोक्यावर घेतला असता.

'सगळ्या वाळूजला बुडातला पीस मागितला तुम्ही. आणि मला वर्षानुवर्षं वरचा दाखवला व्हय?'

एवढी वर्षं मेव्हणा म्हणून मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो आला होता, दाजींना उत्तर सुचलं नव्हतं. आणि मला काडीचा आनंद झाला नाही. मी खाली जाऊन चहा घेतला, तो तसाच ठेवला.

आता दाजी पुन्हा कामावर जातात. कंपनीनं हलकं काम दिलंय. क्रेट ओढायचा नाही, वाकायचं नाही, बुडात हात घालायचा नाही, दम लागतो. टेबलावर बसून सप्लायरनं मालासंगं पाठवलेले तपासणीचे कागद बघायचे आणि सही करायची. मी विचारलं, कसं असतं हो कागदांवर? दाजी म्हणले, सगळं नॉर्मल असतं. हसले नाहीत. त्यांच्या जागी नवा माणूस आलाय, तो वरचे चार पीस उचलतो आणि शिक्का मारून चहाला जातो. टेम्पोवाले आता गेटाबाहेर थांबत नाहीत.

गोळी आता ताईच्या हातानं रोज तोंडात पडते, तोंड उघडून दाखवावं लागतं. रक्त तपासायचा दिवस ताई ठरवते आणि आधी सांगत नाही. कधी करीच्या दुसऱ्या दिवशी, कधी दिवाळी झाल्यावर, कधी उगाच मंगळवारी बस थांब्यावर जाऊन उभी राहते आणि तिथूनच घेऊन जाते. आकडा हल्ली खरंच चांगला येतो. बारा महिने खाल्लेल्या गोळीनं आणि ताईच्या पालेभाजीनं आलेला, अस्सल. दाजी तो कागद लई अभिमानानं तिच्यापुढं धरतात. परवा मी तिथंच होतो. म्हणले, बघ, बुडातला आहे. ताईनं कागद हातात घेतला, न वाचता टेबलावर ठेवला आणि भाकरी टाकायला गेली.

दाजींनीच मग मला हळूच सांगितलं. ती पुन्हा रात्रीची उठते, छातीवर हात ठेवून बघते. हल्ली पांघरुणाचं नाटकसुद्धा करत नाही. म्हणले, मी जागा असतो, पण डोळे उघडत नाही.